घट आणि खापरें

टीकाकारानें आपली दृष्टि कोठवर पसरावी याविषयीं आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. काव्य, नाटक, कादंबरी, फार तर चरित्र आणि निबंध एवढी त्याची वतनदारी. त्यापलीकडील जमीन शास्त्रज्ञांची. शास्त्रीय निबंध खरा कीं खोटा एवढेंच पाहावयाचें, तो चांगला लिहिला आहे कीं वाईट हें विचारावयाचें नाहीं, असा या संकेताचा अर्थ. तीस वर्षें इंग्रजी गद्य शिकवीत असतां मींहि तो निमूटपणें पाळला. परंतु गेल्या वर्षीं घडलेल्या एका लहानशा प्रसंगानें तो मोडणें मला भाग पाडलें, आणि त्याचें फळ म्हणून पुढील परीक्षण वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रसंग असा. परीक्षेच्या आदल्या दिवशीं माझ्या वर्गांतील एक मुलगी रडवेली होऊन मजकडे आली. तिनें परीक्षेचें शुल्क मोबाईलवरून भरलें होतें, पैसे बँकेंतून वजा झाले होते, पावतीहि आली होती. शुल्काच्या खिडकीवरील संगणक 'भरलें' असें दाखवीत होता. प्रवेशपत्राच्या खिडकीवरील संगणक 'बाकी' असें दाखवीत होता. दोन्ही खिडक्यांमध्यें अंतर फार तर वीस पावलांचें. तेवढ्यांत तिच्या पांच खेपा झाल्या होत्या. हा कारकून म्हणे, चूक त्यांच्या यंत्राची. तो कारकून म्हणे, चूक यांच्या यंत्राची. मी तिच्याबरोबर गेलों, हमीपत्र लिहून दिलें, तेव्हां सायंकाळीं उशिरां प्रवेशपत्र तिच्या हातीं पडलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों त्या दुसऱ्या संगणकावरहि 'भरलें' ही नोंद आपोआप उमटली होती!

हा प्रकार मीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास सांगितला. अशाच यंत्रांची देखरेख करणें हा त्याचा व्यवसाय आहे. तो हंसून म्हणाला, "सर, दोन्ही मशीनें खरेंच बोलत होतीं. ज्याला जें ठाऊक होतें तें त्यानें सांगितलें. एकाची बातमी दुसऱ्यापर्यंत पोहोचावयाची होती, इतकेंच." या उत्तरानें माझें समाधान झालें नाहीं. दोघेहि खरें बोलत असतां एका निरपराध मुलीचें वर्ष बुडण्याची वेळ यावी, हें खरेपण कसलें? माझी ही कुरकुर ऐकून त्यानें मला तीन इंग्रजी निबंध वाचावयास दिले: लेस्ली लॅम्पोर्ट यांचा 'द पार्ट-टाइम पार्लमेंट' (१९९८), ॲमेझॉन कंपनींतील नऊ जणांनीं लिहिलेला 'डायनॅमो' (२००७), आणि गूगल कंपनींतील मंडळींचा 'स्पॅनर' (२०१२). एकच विशाल भांडार अनेक यंत्रांवर वांटून कसें ठेवावें, हा तिघांचाहि विषय. या निबंधांतील गणिताचा अधिकार मला नाहीं. परंतु तीनहि लेखकांना आपल्या वाचकास कांहीं पटवावयाचें आहे, आणि पटविण्याची कला हा तर माझ्या धंद्याचाच विषय आहे.

प्रथम मूळ प्रश्न समजून घेतला पाहिजे. गांवच्या पेढीची एकच वही असते तोंवर कांहीं अडत नाहीं. गिऱ्हाइकें वाढलीं कीं त्या वहीपुढें रांग लागते. यावर पहिला उपाय म्हणजे मोठी वही आणि चपळ कारकून, अर्थात् अधिक बलवान् यंत्र. पण बळालाहि सीमा आहे, तिच्या जवळ जावें तसतशी किंमत बेसुमार वाढते, आणि तें एक यंत्र बंद पडलें कीं सारी पेढीच बंद. म्हणून दुसरा उपाय निघाला. वहीचे वांटे करावे आणि एकेक वांटा एकेका यंत्राच्या स्वाधीन करावा. या क्रियेस इंग्रजींत 'शार्डिंग' म्हणतात. शार्ड म्हणजे फुटक्या मडक्याची खापरी. शब्द मोठा प्रामाणिक आहे. 'विभाग', 'शाखा' असे गोंडस शब्द उपलब्ध असतां कोणी तरी हा मातीचा शब्द उचलला, आणि घट फुटला आहे ही गोष्ट तो क्षणभरहि विसरूं देत नाहीं.

वांटणी करावी कशी? आडनांवाच्या आद्याक्षरावरून करावी तर 'क' आणि 'प' यांच्या यंत्रांपुढें झुंबड आणि 'ऋ' चें यंत्र माशा मारीत बसलेलें. प्रत्येक नांवापासून गणितानें एक संख्या काढावी, तिला यंत्रांच्या संख्येनें भागावें, आणि जी बाकी उरेल त्या क्रमांकाच्या यंत्रास ती नोंद द्यावी, तर भार सारखा वांटला जातो खरा. पण दहाचीं अकरा यंत्रें झालीं कीं साऱ्या बाक्या बदलतात आणि बहुतेक नोंदींना बिऱ्हाड हलवावें लागतें. १९९७ सालीं डेव्हिड कार्गर व त्यांचे सहकारी यांनीं यावर एक सुंदर तोड काढली. त्यांनीं संख्या वर्तुळावर मांडल्या आणि यंत्रेंहि त्याच वर्तुळावर बसविलीं. नोंदीच्या जागेपासून पुढें चालूं लागावें. जें यंत्र पहिल्यानें भेटेल त्याची ती नोंद. नवें यंत्र आलें कीं केवळ त्याच्या शेजाऱ्याच्या वांट्यांतला कांहीं भाग त्याजकडे जातो. बाकीचे जागचे हलत नाहींत. आमच्या एकत्र कुटुंबांच्या वांटण्यांत ही युक्ति साधली असती, तर दिवाणी न्यायालयांचें निम्में काम कमी झालें असतें!

पण केवळ वांटणीनें भागत नाहीं. एक खापरी हरवली तर तिच्यावरील नोंदी कायमच्या गेल्या. म्हणून प्रत्येक वांट्याच्या दोन-तीन प्रति निरनिराळ्या यंत्रांवर ठेवाव्या लागतात. आणि जेथें प्रति आल्या तेथें पाठभेद आलेच. हा शब्द उच्चारतांच आम्हां साहित्याच्या मंडळींना आपल्या गांवच्या वेशींत शिरल्यासारखें वाटतें. दोन प्रति निरनिराळें सांगूं लागल्या तर खरी कोणती मानावी? एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती याच प्रश्नापोटीं. आमच्या कार्यालयाच्या दोन खिडक्यांवर त्या दिवशीं जें झालें, तोहि एक पाठभेदच होता.

आतां निबंधांकडे वळूं.

लॅम्पोर्ट यांचा निबंध वांटणीविषयीं नाहीं, प्रतींविषयीं आहे. परंतु पुढील इमारत त्याच्यावर उभी असल्यामुळें त्याचा विचार आधीं केला पाहिजे. तो १९९० सालीं प्रकाशनार्थ पाठविला गेला आणि छापून निघाला १९९८ सालीं. ग्रीसमधील पॅक्सॉस बेटावरील एका प्राचीन विधिमंडळाचे अवशेष उत्खननांत सांपडले, अशी लेखकानें बतावणी केली आहे. या मंडळाचे सभासद पोटापाण्याच्या उद्योगांत गुंतलेले. ते मनास येईल तेव्हां सभागृहांत येतात, मनास येईल तेव्हां उठून जातात. त्यांचे निरोपे विसराळू. प्रत्येक सभासदापाशीं मात्र एक वही आहे आणि तिच्यांत न पुसल्या जाणाऱ्या शाईनें संमत कायदे टिपलेले आहेत. एवढ्या गोंधळांतहि कोणत्याहि दोन वह्यांत परस्परविरोधी कायदा सांपडत नाहीं, हें कसें घडलें? त्याचें मर्म एका साध्या सत्यांत आहे. पांचांपैकीं कोणतेहि तीन घ्या, आणि पुन्हां कोणतेहि तीन घ्या. एक तरी मनुष्य दोन्ही त्रिकुटांत असणारच. ठरावास बहुमत आवश्यक केलें कीं मागल्या बहुमताची आठवण ज्याच्यापाशीं आहे असा एक जण पुढल्या बहुमतांत बसलेला असतो. संस्थेची स्मृति अशा रीतीनें एका मनुष्याच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जात राहते.

कल्पना रम्य आहे. लेखकानें संगणकशास्त्रांतील आपल्या समकालीनांचीं नांवें ग्रीक वेषांत सजवून कथेंत पेरलीं आहेत. या विषयावरील कांहीं व्याख्यानें तर त्यानें चित्रपटांतल्या पुराणवस्तुसंशोधकाचा वेष करून दिलीं. आणि तरीहि निबंध फसला! नियतकालिकाच्या परीक्षकांना तो जेमतेम मनोरंजक वाटला आणि बेटाची कथा गाळावी असें त्यांनीं सुचविलें. लेखक रुसला, आणि निबंध कित्येक वर्षें पडून राहिला. पुढें २००१ सालीं लॅम्पोर्ट यांनीं तीच गोष्ट साध्या इंग्रजींत पुन्हां सांगितली, आणि आपला विनोदाचा प्रयत्न साफ फसल्याची कबुलीहि दिली. २०१३ सालच्या ट्यूरिंग पारितोषिकानें त्यांच्या कार्याचा गौरव झाला; पण निबंध कां फसला हा प्रश्न राहतोच. परीक्षक अरसिक होते, एवढ्यानें त्याचें उत्तर होत नाहीं.

माझ्या मतें याचें उत्तर आपल्या अलंकारशास्त्रांत आहे. ही एक लांबलचक अन्योक्ति आहे. अन्योक्तींत बोलावयाचें चातकाविषयीं आणि सुचवावयाचें याचकाविषयीं. ती खुलते याचें कारण याचक श्रोत्याच्या ओळखीचा असतो. चातकाचें नांव निघतांच त्याची मूर्ति मनांत उभी राहते. लॅम्पोर्ट यांच्या वाचकांस जें सुचवावयाचें होतें तें त्यांना आधीं ठाऊकच नव्हतें. तें तर या निबंधांतूनच प्रथम कळावयाचें होतें. अप्रस्तुताचा पडदा दूर सारला तरी पलीकडे ओळखीचें कोणी दिसेना. म्हणून वाचक पडद्यावरील चित्रेंच पाहत बसला आणि मग कंटाळला. नवें सत्य सांगतांना अलंकार त्याच्या मागून यावा, पुढून येऊं नये, हा धडा या निबंधाच्या अपयशानें शिकविला आहे. तथापि एक गोष्ट त्याच्या पदरीं घातलीच पाहिजे. यंत्रांच्या जागीं विसराळू माणसें बसवून त्यानें या शास्त्राचा गाभा मानवी आहे हें दाखविलें. विश्वासानें टेकावें अशी एकहि जागा नसतां अनेकांनीं मिळून विश्वसनीय कसें व्हावें, हा प्रश्न यंत्रांच्या जन्मापूर्वींचा आहे.

'डायनॅमो' ची प्रकृति अगदीं उलट. त्याचें गद्य पाहिलें तर तें समितीचें गद्य आहे. वाक्यें सपाट, पुनरुक्ति विपुल, आणि एकाच कल्पनेस तीन ठिकाणीं तीन प्रकारें प्रस्तावना. परंतु आरंभींच एक चित्र येतें आणि वाचक दचकून सावरून बसतो. भांडारांतील चकत्या बिघडत आहेत, दळणवळणाचे मार्ग तुटत आहेत, चक्रीवादळांनीं यंत्रशाळाच्या यंत्रशाळा उद्ध्वस्त होत आहेत, आणि अशाहि स्थितींत गिऱ्हाइकाला आपल्या टोपलींत एखादी वस्तु टाकतां आली पाहिजे! प्रलयाच्या पार्श्वभूमीवर ही बाजाराची टोपली मांडण्यांत विनोद आहे, आणि तो लेखकांनीं हेतुपूर्वक केला आहे असें वाटत नाहीं. म्हणूनच तो अधिक बोलका आहे. या व्यापारी संस्थेची कुलदेवता कोण हें त्या एका चित्रांत कळतें. दुकान कधींहि बंद होतां कामा नये.

या हट्टासाठीं काय द्यावें लागलें हें निबंध स्पष्ट सांगतो, आणि हाच त्याचा मोठा गुण. यंत्रांमधील मार्ग तुटला असतां सर्व प्रति एकमुखानें बोलाव्या आणि तरीहि प्रत्येक हांकेस ओ मिळावी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं साधत नाहींत. एरिक ब्रूअर यांनीं २००० सालीं हा सिद्धांत मांडला आणि २००२ मध्यें गिल्बर्ट व लिंच यांनीं तो सिद्ध केला. डायनॅमोनें ओ देणें पसंत केलें आणि एकमुखीपणा सोडला. प्रत्येक नोंदीच्या बहुधा तीन प्रति. लिहितांना दोघांची पोंच मिळाली कीं पुरे, वाचतांना दोघांना विचारलें कीं पुरे. एखादें यंत्र जागेवर नसेल तर त्याची ठेव दुसऱ्याजवळ चिठ्ठीसह सोंपवावी. धनी परत आला कीं त्याची त्याला द्यावी. नोंदीबरोबर तिची वंशावळहि लिहून ठेवलेली असते. तिला कोणत्या यंत्रानें कितव्यांदा हात लावला हें तींत असतें. एक पाठ दुसऱ्याचा वंशज असेल तर पूर्वज टाकून द्यावा. दोघेहि स्वतंत्र असतील तर मात्र यंत्रानें स्वतः निवाडा करूं नये; दोन्ही पाठ वाचणाऱ्याच्या पुढें ठेवावे.

हें वाचतांना मला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. १९१९ सालीं आरंभिलेलें तें कार्य १९६६ सालीं पुरें झालें. तेथेंहि एकाच ग्रंथाचीं पर्वें निरनिराळ्या संपादकांकडे वांटून दिलेलीं होतीं. देशाच्या कानाकोपऱ्यांतील पोथ्यांचे वंश ठरवावयाचे, जे परस्परांपासून स्वतंत्र आहेत त्यांच्यांत जें समान तें विशेष विश्वसनीय मानावयाचें, आणि उरलेले पाठभेद पानाच्या तळाशीं उतरावयाचे, ही डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं घालून दिलेली शिस्त. पोथ्यांच्या शास्त्रानें जो प्रश्न शतकांच्या अंतरावर सोडविला तोच प्रश्न हीं यंत्रें सेकंदाच्या अंशांत सोडवीत असतात. भेद इतकाच, कीं सुकथनकरांचा वाचक तळटीप वाचतो आणि बाजारांतल्या गिऱ्हाइकास तळटीप दिसत नाहीं. टोपलीचे दोन पाठ निघाले तर डायनॅमोवर बसलेली व्यवस्था दोहोंची बेरीज करून एक टोपली बनविते. त्यामुळें टाकलेली वस्तु हरवत नाहीं. पण काढून टाकलेली वस्तु केव्हां केव्हां परत येऊन बसते! निबंधानें हें झांकलेलें नाहीं.

झांकलें आहे तें दुसरेंच, आणि येथें टीकाकारानें कठोर झालें पाहिजे. एका दिवसाच्या निरीक्षणांत किती वाचनांना किती पाठ दिसले याचे आंकडे लेखकांनीं दिले आहेत. ९९.९४ टक्के वाचनांना एकच पाठ दिसला, ०.०००५७ टक्क्यांना दोन, ०.०००४७ टक्क्यांना तीन, आणि ०.००००९ टक्क्यांना चार. कोणाहि वाचकानें पेन्सिल घेऊन बेरीज करावी. ती शंभर भरत नाहीं. सुमारें ०.०५९ टक्के कोठें गेले याचा पत्ता नाहीं, आणि पहिला आंकडा स्थूलमानानें दिला असें धरलें तरी एवढें अंतर भरून निघत नाहीं. छपाईची चूक असेल, हिशेबाची असेल. पण जो निबंध हिशेबाच्या वह्या जुळविण्याविषयीं आहे, त्याच्याच हिशेबांत ही फट राहावी हा दैवाचा विनोद म्हणावयाचा. याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. पाठ वाढण्याचें कारण यंत्रांचा बिघाड नसून एकाच वेळीं लिहिणाऱ्यांची गर्दी हें आहे, आणि ती गर्दी माणसें क्वचित् करितात, बहुधा स्वयंचलित कार्यक्रम करितात, असें लेखक सांगतात. आणि विषय नाजूक असल्यामुळें अधिक बोलत नाहीं, एवढें म्हणून गप्प बसतात! कादंबरीकारानें असें केलें असतें तर आपण पुस्तक फेंकून दिलें असतें. ज्या ठिकाणीं वाचकाच्या मनांत पहिला जिवंत प्रश्न उठतो, नेमक्या त्या ठिकाणीं कंपनीचा हात लेखकाच्या तोंडावर येतो. उसन्या लेखणीनें लिहिलेल्या गद्याची मर्यादा येथें उघडी पडते.

'स्पॅनर' या तिसऱ्या निबंधांत पारडें पुन्हां दुसरीकडे झुकतें. त्याच्या जन्माची कथा एका कोरड्या वाक्यांत आली आहे. गूगलच्या जाहिरातींच्या व्यवहाराचें भांडार पूर्वीं हातानें वांटलेल्या खापऱ्यांवर होतें. तें वाढल्यावर शेवटची पुनर्वांटणी करावयास दोन वर्षांहून अधिक काळ लागला आणि डझनावारी तुकड्यांना तींत राबावें लागलें. लेखक यावर एक उसासाहि टाकीत नाहींत. पण खापऱ्या करणें सोपें, त्या पुन्हां निराळ्या करणें किती जिकिरीचें, हें ज्याला समजून घ्यावयाचें असेल त्यानें तें वाक्य पुन्हां पुन्हां वाचावें. या अनुभवानंतर त्यांनीं असें भांडार रचावयाचें ठरविलें कीं जें आपली वांटणी आपणच करील, जगभर पसरलेलें असेल, आणि तरीहि एकमुखानें बोलेल. प्रत्येक वांट्याच्या प्रतींमध्यें एकवाक्यता ठेवण्याचें काम त्यांनीं लॅम्पोर्ट यांच्या त्या पॅक्सॉसच्या विधिमंडळाकडेच सोंपविलें आहे. जी कथा परीक्षकांनीं गाळावयास सांगितली, तिच्या गाभ्यावर आज जगाचे व्यवहार चालतात!

परंतु या निबंधाचें खरें वैभव त्याच्या घड्याळांत आहे. दूरदूरच्या दोन यंत्रांवर दोन घटना घडल्या, तर आधीं कोणती हें ठरविण्यास घड्याळें जुळलेलीं हवींत, आणि घड्याळें तर कधींच पूर्ण जुळत नाहींत. स्पॅनरच्या कर्त्यांनीं उपग्रहांकडून येणारी वेळ आणि अणुघड्याळें यांचें साहाय्य घेतलें. पण त्यांचें थोरपण त्या सामग्रींत नाहीं. त्यांच्या घड्याळास वेळ विचारली तर तें एक क्षण सांगत नाहीं, दोन सांगतें: "याच्या आधीं खास नाहीं, याच्यानंतर खास नाहीं, खरी वेळ या दोहोंमध्यें कोठें तरी आहे." ही अनिश्चितता बहुधा एक ते सात सहस्रांश सेकंदांची. आणि एखादी नोंद पक्की करण्यापूर्वीं हें यंत्र ती अनिश्चितता संपेपर्यंत थांबून राहतें. आपल्याला नक्की ठाऊक नाहीं हें सांगणारें, आणि नक्की ठाऊक होईपर्यंत तोंड न उघडणारें! हा गुण मीं विद्वानांत क्वचित् पाहिला आहे, यंत्रांत पाहावयास मिळेल असें स्वप्नांतहि वाटलें नव्हतें. महाभारताच्या त्या आवृत्तींत जो पाठ पुरता निश्चित नाहीं त्याच्याखालीं नागमोडी रेघ काढलेली असते. स्पॅनरचें घड्याळ म्हणजे काळाखालीं काढलेली तशीच नागमोडी रेघ होय.

दोष मात्र येथेंहि आहेत. या निबंधाचें गद्य तालेवारांचें आहे. अणुघड्याळें ज्याच्या दारीं नाहींत त्यानें काय करावें, याची विवंचना त्याला शिवत नाहीं. डायनॅमोच्या लेखकांनीं पाठभेदांचा निवाडा वरच्या व्यवस्था रचणाऱ्यांवर सोंपविला. स्पॅनरचे लेखक म्हणतात कीं असें ओझें त्यांच्या माथीं टाकण्यापेक्षां वेग थोडा कमी झालेला पत्करला. मत उदार आहे. पण तें परवडण्यासाठीं किती धन लागतें हें सांगितल्यावांचून औदार्याचें मोल कळत नाहीं.

आतां तुलना करूं. कल्पकतेंत लॅम्पोर्ट, निष्ठेंत स्पॅनर, आणि जीवनाच्या जवळिकींत डायनॅमो, असा माझा निर्णय आहे. आणि तिघांत एकच निवडावयाचा झाला तर सर्व दोषांसह मी डायनॅमो निवडीन. याचें कारण असें. चूक होणारच हें मान्य केल्यावर खरा प्रश्न उरतो तो हा, कीं ती कोणाच्या बाजूनें व्हावी? टोपलींतील वस्तु हरविण्यापेक्षां काढलेली वस्तु परत आलेली बरी, असें डायनॅमोच्या कर्त्यांनीं विचारपूर्वक ठरविलें. हा निर्णय गणिताचा नाहीं, नीतीचा आहे. दुकानदाराच्या सोयीचा आहे असें कोणी म्हटलें तर मी भांडणार नाहीं. पण तो घेतलेला आहे, लिहिलेला आहे, आणि म्हणूनच त्याच्याशीं वाद घालतां येतो.

आमच्या कार्यालयांत नेमकें हेंच झालेलें नव्हतें. न भरलेल्या शुल्काचा एखादा विद्यार्थी परीक्षेस बसला तर संस्थेचे थोडे रुपये कांहीं दिवस अडकतील. भरलेल्या शुल्काची एखादी मुलगी बाहेर राहिली तर तिचें वर्ष जाईल. दोन नोंदींत पाठभेद निघाला असतां यांपैकीं कोणती चूक पत्करावयाची, हें ठरविण्यास अणुघड्याळ लागत नाहीं. पांच मिनिटें आणि थोडें मन लागतें. तें कोणीं दिलें नाहीं, म्हणून निर्णय आपोआप झाला आणि तो दुर्बळाच्या विरुद्ध झाला. 'बाकी' या शब्दाखालीं एक नागमोडी रेघ असती, "ही नोंद शिळी असूं शकेल" एवढें जरी त्या पडद्यावर लिहिलेलें असतें, तरी त्या कारकुनाला माणसासारखें वागण्यास वाव मिळाला असता. त्याला मी दोष देत नाहीं. त्याच्यापुढें एकच पाठ होता आणि दुसरा असूं शकतो हें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें.

माझ्या त्या जुन्या विद्यार्थ्याचें वाक्य मला अजून आठवतें: दोन्ही यंत्रें खरेंच बोलत होतीं. आज मी त्याला एवढेंच उत्तर देईन, कीं यंत्रें खरीं होतीं, पण व्यवस्था खोटी होती. कारण आपलें ज्ञान अपुरें आहे हें ती लपवीत होती. हे तीनहि निबंध, आपआपल्या गुणदोषांसह, त्या लपवणुकीविरुद्ध लिहिलेले आहेत. शास्त्रीय गद्याचें मूल्य आम्ही साहित्यिकांनीं यापुढें याच कसोटीवर पाहावें अशी माझी विनंति आहे. लेखकाला काय ठाऊक आहे याबरोबरच त्याला काय ठाऊक नाहीं, आणि त्या अज्ञानाची किंमत कोण मोजणार, हें त्यानें सांगितलें आहे काय?

आजच्या जगांत आपलें नांव, आपलें धन, आपले गुण, आपलें आजारपण अशा असंख्य खापऱ्यांवर लिहिलेलें आहे, आणि तो घट पुन्हां एकसंध होईल अशी चिन्हें नाहींत. तसें व्हावें असेंहि मी म्हणत नाहीं. एका घटानें एवढ्या लोकांची तहान भागली नसती. परंतु आपल्या भाषेंत 'खापर फोडणें' हा एक वाक्प्रचार आहे. घट फुटणें अपरिहार्य असेल. तें खापर दर वेळीं खिडकीपुढें उभ्या राहिलेल्या त्या मुलीच्याच माथीं फुटलें पाहिजे, असें मात्र कोठेंहि लिहिलेलें नाहीं.